निळ्या डोंगराचा चित्रकार

गवत हिरवें, आकाश निळें, माती तांबडी, हें शाळेंतील लहान मूलहि सांगेल. रंग हा वस्तूचा गुण. वस्तूवांचून त्याला स्वतंत्र अस्तित्व नाहीं, अशीच सर्वसाधारण समजूत असते. या समजुतीला ज्यांनीं धक्का दिला, त्यांत वासिली कँडिन्स्की या रशियन चित्रकाराचें स्थान अग्रभागीं आहे.

त्याचा जन्म १८६६ सालीं मॉस्को येथें झाला. शिक्षण कायद्याचें. १८९६ मध्यें दोर्पात विद्यापीठांतील अध्यापकाची जागा नाकारून, वयाच्या तिसाव्या वर्षीं तो चित्रकला शिकण्यासाठीं म्युनिकला गेला. मॉस्कोच्या एका प्रदर्शनांत त्यानें मोने या फ्रेंच चित्रकाराचें गवताच्या गंजीचें चित्र पाहिलें होतें. तें कशाचें चित्र आहे हें सूचीपत्र पाहीपर्यंत त्याला उमगलें नाहीं. परंतु त्यांतील रंग कांहीं केल्या मनांतून जाईनात.

१९०८ मध्यें तो गाब्रिएले म्युंटर या चित्रकर्त्रीसह आल्प्स पर्वताच्या पायथ्याशीं असलेल्या मुर्नाऊ गांवीं गेला. तेथें काचेच्या मागील बाजूवर साधुसंतांचीं चित्रें रंगविण्याची जुनी लोककला होती. तिच्यांतील ठळक रेषा व निर्भेळ रंग या दोघांना फार भावले. ‘निळा डोंगर’ या त्याच्या तत्कालीन चित्रांत मध्यें गर्द निळा डोंगर, दोहों बाजूंस एक पिवळें व एक तांबडें झाड आणि पुढें घोडेस्वार आहेत. झाडें तशीं असतात कीं नाहीं, हा प्रश्नच तेथें उरत नाहीं. पिवळा रंग पाहणाराच्या अंगावर चालून येतो, तर निळा त्याला दूर, खोल ओढून नेतो, असें प्रतिपादन त्यानें १९११ च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथांत केलें.

एकदां तिन्हीसांजेला तो घरीं परतला, तों भिंतीशीं एक अपूर्व तेजस्वी चित्र दिसलें. जवळ जाऊन पाहतो, तर तें त्याचेंच, आडवें ठेवलेलें! वस्तूच आपल्या चित्रांना बाधक होत आहेत, अशी त्याची खात्री झाली. पण वस्तु काढून टाकल्यावर तिच्या जागीं काय ठेवावें? नुसते रंग जुळविले, तर गालिच्याची नक्षी होईल, हें भय त्यानें स्वतःच बोलून दाखविलें. म्हणूनच त्याच्या चित्रांतून डोंगर, झाडें नि घोडेस्वार एकदम नाहींसे झाले नाहींत. ते हळूहळू विरत गेले.

१९१४ च्या महायुद्धामुळें त्याला जर्मनी सोडावी लागली. पुढें नाझी राजवटींत असल्या कलेवर गदा आली, तेव्हां म्युंटरनें मुर्नाऊच्या घरांत त्याचीं चित्रें दडवून जतन केलीं, आणि १९५७ मध्यें म्युनिकच्या लेनबाखहाउस संग्रहालयास अर्पण केलीं. कँडिन्स्की १९४४ मध्येंच निवर्तला होता. ज्या रंगांनीं वस्तूंचा आश्रय सोडला, त्यांना अखेर आश्रय मिळाला तो त्याच खेड्यांतील एका घरांत.