पत्ता, टप्पा, पोच : मेल सर्व्हरची कुळकथा

मेल सर्व्हर म्हणजे संगणकावर अखंड चालणारे टपाल कार्यालय. बाहेरून आलेले पत्र तो पोर्ट क्रमांक २५ वर स्वीकारतो, आपल्या माणसाचे असेल तर त्याच्या पेटीत टाकतो, दुसऱ्या ठिकाणचे असेल तर पुढे रवाना करतो. अमरावतीतल्या एखाद्या महाविद्यालयाने किंवा अकोल्यातल्या एखाद्या कारखान्याने स्वतःचा मेल सर्व्हर उभारायचे ठरवले, तर पोस्टफिक्ससारखा मोफत प्रोग्राम तासाभरात बसतो. पाठवलेली पत्रे पोचत का नाहीत, हे शोधण्यात मात्र आठवडे जातात. याचे कारण असे की या यंत्रणेतला जवळजवळ प्रत्येक नियम कधीतरी झालेल्या एखाद्या घोटाळ्यातून आला आहे. त्या नियमाचे कूळ ठाऊक असले की दुखणे लवकर सापडते.

सुरुवातीला पत्रे एकाच यंत्राच्या आत फिरत. १९७१ मध्ये अमेरिकेत रे टॉमलिन्सन यांनी एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर पत्र पाठवले आणि माणसाचे नाव व यंत्राचे नाव यांच्यामध्ये @ हे चिन्ह ठेवले. यंत्रे थोडी होती तोवर सगळ्यांची नावे एकाच यादीत मावत होती. पण टेलिफोनवरून अधूनमधून जोडल्या जाणाऱ्या यूयूसीपी जाळ्यात पाठवणाऱ्यालाच सगळा रस्ता लिहावा लागे : या यंत्रावरून त्या यंत्रावर, तिथून पुढच्यावर, अशी नावे उद्गारचिन्हांनी जोडलेली. मधला एक टप्पा बंद पडला की पत्र अडकले.

भारतातली ई-पत्रेही याच वाटेने निघाली, आणि ती मुंबईतून. १९८६ मध्ये शिक्षण-संशोधन संस्थांना जोडणारा एर्नेट हा प्रकल्प सुरू झाला. त्यात जुहूच्या नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी या संस्थेने मुंबई आयआयटीशी टेलिफोनवरून पत्रांची देवाणघेवाण केली आणि पुढे परदेशी जाळ्यांशी दुवा जोडला. तिथल्या यंत्रांची नावे शक्ती आणि साथी अशी होती. देशाच्या नावाचा ‘डॉट इन’ हा विभाग १९८९ मध्ये नोंदला गेला, तो सुरुवातीला याच संस्थेने सांभाळला. सामान्य ग्राहकाला इंटरनेट मिळाले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगमाकडून आणि आधी महानगरांत. विदर्भातले एकही शहर त्या पहिल्या यादीत नव्हते.

रस्ता लिहिण्याऐवजी ठिकाण लिहिण्याची सोय नावांच्या नव्या व्यवस्थेने केली. पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये आखलेली ही व्यवस्था म्हणजे डीएनएस. ती का लागली हे वऱ्हाडच्या माणसाला वेगळे समजावून सांगावे लागत नाही. अकोला वऱ्हाडात आहे, अकोले अहिल्यानगर जिल्ह्यात आहे. अमरावती इथे आहे, तशीच आंध्रातही आहे. नावांची ही गल्लत आणि पाकिटांवरच्या अनेक लिप्या यांवर टपाल खात्याने १५ ऑगस्ट १९७२ पासून पिनकोडचा उपाय केला. तो आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे संस्कृतचे कवीही होते. अकोल्याचा पिन ४४४००१, अकोल्याचाच भास होणाऱ्या अकोलेचा ४२२६०१ : दुसऱ्याच आकड्याला वाटा फुटतात. वऱ्हाडची अमरावती ४४४६०१, आंध्रातली ५२२०२० : तिथे तर पहिलाच आकडा वेगळा. डोमेनचे नावही असेच मोठ्याकडून लहानाकडे उलगडते, फक्त उजवीकडून डावीकडे. अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचे ‘पीडीकेव्ही डॉट एसी डॉट इन’ हे नाव वाचताना सर्व्हर आधी ‘इन’ला विचारतो, मग शैक्षणिक संस्थांच्या ‘एसी’ला, आणि शेवटी विद्यापीठाकडे येतो.

मात्र ठिकाण कळले म्हणजे पत्र कुठे द्यायचे ते कळतेच असे नाही. मुंबई-नागपूर हा मुख्य रेल्वेमार्ग अमरावती शहरातून जात नाही. त्या मार्गावरच्या गाडीने येणाऱ्याला बडनेऱ्याला उतरावे लागते. डीएनएसमधली ‘एमएक्स’ नोंद नेमके हेच सांगते : या नावाची पिशवी अमुक यंत्रावर उतरवा. ही नोंद १९८६ मध्ये प्रमाण झाली. बाहेरची पत्रे मुळीच येत नसतील तर पहिली तपासणी हिचीच करावी. नोंद जुन्या सर्व्हरकडे बोट दाखवत राहिलेली असणे ही नेहमीची चूक आहे.

पत्र हातात देण्याची रीत म्हणजे एसएमटीपी. जॉन पोस्टेल यांनी ती ऑगस्ट १९८२ मध्ये लिहून काढली आणि पुढच्या वर्षी आलेल्या एरिक ऑलमन यांच्या सेंडमेल या प्रोग्रामने ती जगभर नेली. दोन सर्व्हरांचे बोलणे अगदी साध्या ओळींत चालते. पाठवणारा ‘हेलो’ म्हणून आपले नाव सांगतो, मग पाठवणाऱ्याचा पत्ता, घेणाऱ्याचा पत्ता आणि मग मजकूर. शेवटच्या ओळीत एकच टिंब असते. पलीकडून २५० हा आकडा आला की ती पोच. त्या क्षणापासून पत्राची जबाबदारी घेणाऱ्या सर्व्हरची. चार या आकड्याने सुरू होणारे उत्तर म्हणजे ‘सध्या नाही, नंतर या’, आणि पाचने सुरू होणारे म्हणजे साफ नकार. हा आकड्यांचा फरक ज्याने लक्षात ठेवला त्याचे निम्मे निदान झाले. सर्व्हरच्या नोंदवहीत ४५० दिसले तर थांबावे, ५५० दिसले तर पुढचे कारण शब्दशः वाचावे.

थांबण्याची ही सवय त्या जुन्या टेलिफोनी काळाला साजेशी आहे, आणि वऱ्हाडात ती आजही उपयोगी पडते. उन्हाळ्यात वीज गेली आणि सर्व्हर बंद पडला तरी येणारी पत्रे हरवत नाहीत. पाठवणाऱ्या सर्व्हरने ती रांगेत ठेवून पुन्हा पुन्हा प्रयत्न करायचे असतात. पोस्टफिक्स मुळात पाच दिवस वाट पाहते, मगच पत्र परत करते.

एसएमटीपीची सर्वात मोठी उणीव अशी : पाकिटावर पाठवणाऱ्याचे नाव कोणीही कोणाचेही लिहावे, ते तपासण्याची सोय मूळ रीतीत नाही. ती आखणारे एकमेकांना ओळखत होते. १९७८ च्या मे महिन्यात एका संगणक कंपनीच्या विक्रेत्याने सुमारे ४०० जणांना न मागितलेली जाहिरात पाठवली, तेव्हाच पुढचे संकट दिसायला हवे होते. त्या काळचे सर्व्हर कोणाचेही पत्र कुठेही पोचवून देत. शेजारधर्म म्हणून ते ठीक होते, पण जाहिरातदारांनी त्याचा फायदा घेतला. १९९८ मध्ये सेंडमेलने ही उघडी दारे मुळातच बंद केली. त्याच सुमारास बदनाम यंत्रांच्या काळ्या याद्या सुरू झाल्या. आज घरगुती किंवा बदलत्या आयपी पत्त्यावरून, म्हणजे यंत्राच्या आकडी पत्त्यावरून, पाठवलेले पत्र बहुतेक ठिकाणी दारातच अडते, ते या याद्यांमुळे.

पुढे ओळख पटवण्याचे तीन उपाय आले. एसपीएफ ही नोंद या डोमेनची पत्रे कोणत्या यंत्रांवरून निघतात ते जाहीर करते. डीकेआयएम प्रत्येक पत्रावर गुप्त किल्लीने शिक्का मारते आणि पडताळणीची किल्ली डीएनएसमध्ये ठेवते. डीमार्क सांगते की दोन्ही चुकल्यास पत्राचे काय करावे. फेब्रुवारी २०२४ पासून गुगल आणि याहू यांनी मोठ्या संख्येने (गुगलच्या हिशेबात दिवसाला सुमारे ५,००० किंवा अधिक) पत्रे पाठवणाऱ्यांना तिन्ही सक्तीचे केले, लहान पाठवणाऱ्यांनाही पहिल्या दोहोंपैकी एक हवेच. चौथी गोष्ट उलटी नोंद : आयपी पत्त्यावरून नाव सापडले पाहिजे. ती इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीकडूनच करून घ्यावी लागते आणि गावपातळीवर बहुधा याच कामात सर्वाधिक दिवस जातात. स्थिर आयपी विकत घेतानाच ती लेखी मागून घेणे शहाणपणाचे.

मराठी पत्राची गोष्ट थोडी निराळी. १९८२ ची रीत फक्त इंग्रजी अक्षरांपुरती होती. जून १९९२ मध्ये आलेल्या माइम या पद्धतीने इतर लिप्यांना त्याच अक्षरांच्या वेषात पाठवायची सोय केली. ‘अकोला’ हा विषय युनिकोडच्या यूटीएफ-८ मध्ये १५ बाइट होतो आणि वाटेत २० रोमन अक्षरांचा वेष घेतो. पलीकडे तो वेष उतरला नाही की वाचणाऱ्याला निरर्थक अक्षरांची माळ दिसते. तो दोष सहसा पत्र तयार करणाऱ्या जुन्या प्रोग्रामचा असतो. पत्ताच देवनागरीत लिहिण्याची रीत २०१२ मध्ये प्रमाण झाली, ‘डॉट भारत’ ही नावे २०१४ मध्ये खुली झाली आणि पोस्टफिक्सने २०१५ मध्ये ती रीत स्वीकारली. पण अशा पत्रासाठी वाटेतल्या प्रत्येक सर्व्हरला ती यावी लागते. एकालाही येत नसेल तर पत्र परत फिरते, म्हणून मराठी संस्थांनी देवनागरी पत्त्याबरोबर रोमन पत्ताही चालू ठेवावा.

नवा सर्व्हर उभा राहिल्यावर पहिली पेटी कोणाची उघडायची, हेही प्रमाण नियमांत लिहिलेले आहे. पत्रे स्वीकारणाऱ्या प्रत्येक डोमेनवर ‘पोस्टमास्टर’ या नावाची पेटी असलीच पाहिजे आणि तिच्यात आलेले पत्र सहसा नाकारता येत नाही. इतर सर्व्हरांच्या तक्रारी तिथेच येतात, म्हणून ती रोज उघडून वाचणारा एक माणूस नेमावा.