पेजेचं कूळ

तलासरी तालुक्यातलं उधवा हे भाताचं गाव. माळरानावर नागली-वरई, खाली खाचरात भात. तांदूळ कांडताना फुटतो. त्या कण्या वाया घालवत नाहीत. घरात कुणी तापाने फणफणलं की त्याच कण्या धुऊन भरपूर पाण्यात चुलीवर चढतात. उकळी आली की जाळ मागे ओढायचा आणि पळी फिरवत राहायची, नाहीतर बुडाला लागते. दाणा बोटात चिरडला की मीठ घालायचं. फार थकलेल्याला वरचं निवळ आधी, गरगटलेला भात नंतर. पेज हीच. ब्राह्मणी घरातली आटवल किंवा मेतकूट घातलेला गुरगुट्या भात हे हिचेच दाट सोयरे.

हिचं कूळ फार जुनं आहे. आयुर्वेदाच्या चरकसंहितेत सूत्रस्थानाच्या दुसऱ्या अध्यायात 28 यवागू, म्हणजे पेजेचे प्रकार, सांगितल्या आहेत, कोणत्या दुखण्यावर कोणती हेही. शार्ङ्गधर या वैद्याने पुढे पाण्याचं मापच बांधून दिलं: मंडाला, म्हणजे वरच्या निवळाला, तांदळाच्या चौदापट, यवागूला सहापट, दाट विलेपीला चौपट. रोगी जितका अशक्त तितकं पाणी जास्त. माझं मत असं, की हे माप वैद्यांनी शोधलं नाही. चुलीपाशी बसणाऱ्या बायांच्या हाताला ते आधीच होतं, वैद्यांनी लिहून ठेवलं.

गोव्यात राहणारा पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता याने 1563 साली तिथेच छापलेल्या ग्रंथात मोडशीच्या, म्हणजे पटकीच्या, रोग्याला मिरी-जिरं घातलेली कांजी, म्हणजे पेजच, पाजतात असं नोंदवलं. ती कांजी जहाजात बसून गेली. पोर्तुगाल आणि ब्राझीलमध्ये आजही आजाऱ्याला कोंबडी घातलेली ‘कांझा’ देतात.

पेज पोटात टिकते याला कारण आहे. शिजताना तांदळाचं पीठ पाणी पिऊन फुगतं, आतड्यात सावकाश साखर होऊन सुटतं, आणि ती साखर मिठाला सोबत घेऊन रक्तात जाते. पाणी त्यांच्या मागोमाग. याच तत्त्वावर 1971 मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी पाजून पटकीने होणारे मृत्यू सुमारे 30 टक्क्यांवरून 4 टक्क्यांच्या खाली आणले. ढाक्याच्या संशोधकांनी साखरेऐवजी तांदळाचं पीठ वापरून पाहिलं, तेही लागू पडलं. 1982 मध्ये ते प्रसिद्ध झालं. तरी जुलाबात नुसत्या पेजेवर राहू नये. मीठ नेमकं पडावं म्हणून आरोग्य केंद्रातली जलसंजीवनीची पुडी हवीच.

तलासरीच्या भागात मात्र पेजेला दुसरी बाजू आहे, आणि ती मला जास्त महत्त्वाची वाटते. शहरात पेज म्हणजे पथ्य, दोन दिवसांचं. इथे अनेक घरांत पावसाळ्यात कणगी रिकामी व्हायची, सावकाराकडून खायला उसनी आणलेली खावटी दामदुपटीने फेडावी लागायची, आणि मूठभर कण्यांत पाणी वाढवून सगळं घर पेजेवर राहायचं. वेठबिगारीविरुद्ध 1945 साली वारली आदिवासी उठले तेव्हा त्यांच्या नेत्या गोदावरी परुळेकरांनी हेच उपाशी जगणं जवळून पाहिलं. रोजचं जेवणच पेज असेल तर आजाऱ्याला वेगळं काय द्यायचं?

चरकाने दिलेला क्रम पेजेवर थांबत नाही. आधी पातळ पेया, मग दाट विलेपी, मग मुगाचं कढण, शेवटी मांसरस. शिडीच्या पहिल्याच पायरीवर मूल ठेवलं तर ताप उतरतो, पण अंगात मांस भरत नाही. हेच कुपोषण. जव्हारजवळच्या वावर-वांगणीत 1992 मध्ये बालकांचे मृत्यू झाले तेव्हा हा शब्द राज्यभर पोचला. म्हणून तिसऱ्या दिवशी पेजेत मूठभर मूग किंवा वाल शिजवून घोटावेत, घरात असेल तर अंडं फोडावं, नाहीतर सुकट भाजून कुटून घालावी. डहाणूचा किनारा जवळ आहे, सुकट बाजारात मिळते.