‘स्त्रियांसाठी’ : एका शब्दयोगी अव्ययाचा न्यायालयीन प्रवास

अभियांत्रिकीच्या कॅप फेरीची यादी ज्यांनी एकदा तरी चाळली आहे, त्यांना तिच्यातील रकान्यांची विचित्र आद्याक्षरे नक्की आठवत असतील. ‘जी’ने सुरू होणारा रकाना जनरल, ‘एल’ने सुरू होणारा लेडीज. राज्याच्या अभियांत्रिकी प्रवेशप्रक्रियेत प्रत्येक प्रवर्गातील ३० टक्के जागा मुलींसाठी राखलेल्या असतात. दर वर्षी यादी लागली की ‘हे समतेच्या तत्त्वात बसते का?’ असा प्रश्न कुठल्या तरी ग्रुपवर उगवतो. मग कोणीतरी जाणकार दोन शब्दांत उत्तर देतो : अनुच्छेद १५(३). वाद तिथे मिटतो.

आजचा थ्रेड त्या अनुच्छेदाविषयी आहे, कारण इतिहासात वाद तिथे मिटला नाही, तिथूनच सुरू झाला. याच अनुच्छेदाचा आधार घेऊन स्वतंत्र भारतातील दोन उच्च न्यायालयांनी मुलींना महाविद्यालयाच्या दारातून परत पाठवले होते. ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही.

आधी तरतूद पाहू. अनुच्छेद १५(१) नुसार राज्याने धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान एवढ्याच कारणावरून कोणाही नागरिकाबाबत भेदभाव करायचा नाही. त्याच अनुच्छेदाचा तिसरा खंड सांगतो की, स्त्रिया आणि बालके यांच्यासाठी विशेष तरतूद करण्यास या अनुच्छेदाची आडकाठी असणार नाही. ‘यांच्यासाठी’ म्हणजे नेमके काय, हे मात्र संविधान सांगत नाही. ‘त्यांच्या बाजूने’ की ‘त्यांच्यापुरती वेगळी’? मराठीतला ‘साठी’ आणि इंग्रजीतला ‘फॉर’ दोन्ही अर्थ निमूटपणे पोटात घेऊन बसतात. पुढला सगळा घोळ त्यातून झाला.

ही संदिग्धता घटनाकारांच्या नजरेतून निसटली होती का? तसे म्हणता येत नाही. २९ नोव्हेंबर १९४८ रोजी या अनुच्छेदाच्या मसुद्यावर संविधान सभेत चर्चा झाली, तेव्हा प्रा. के. टी. शहा यांनी एक सुधारणा मांडली. स्त्रिया आणि बालके यांच्या जोडीला अनुसूचित जाती व मागास जमाती यांचाही या खंडात उल्लेख व्हावा, अशी ती सूचना. हेतू उघडच चांगला होता. तरीही डॉ. आंबेडकरांनी ती नाकारली. त्यांचा मुद्दा असा : गावात सर्वांची शाळा असताना अनुसूचित जातींसाठी निराळी शाळा निघावी, असे आपल्यापैकी कोणालाही वाटत नाही, पण हे शब्द घातले, तर एखादे राज्य ‘आम्ही विशेष तरतूद करीत आहोत’ असे सांगून नेमके तेच करील आणि त्याला या अनुच्छेदाचे कवच मिळेल. ‘विशेष तरतूद’ या शब्दांत वेगळे काढण्याची सोय दडलेली आहे, हे त्यांनी अचूक हेरले होते. अनुसूचित जातींना त्यांनी त्या सोयीपासून वाचवले. स्त्रिया त्या खंडात राहिल्या.

इथे एक गोष्ट जाता जाता नोंदवायला हवी. संविधान सभेतील अनेक स्त्रियांना राखीव जागा नकोच होत्या. हंसा मेहता यांनी डिसेंबर १९४६ मध्येच सभेत सांगितले होते की, स्त्री-चळवळीने राखीव जागा, कोटा किंवा स्वतंत्र मतदारसंघ कधी मागितले नाहीत; तिची मागणी सामाजिक, आर्थिक आणि राजकीय न्यायाची आहे. याच हंसाबाई पुढे बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या कुलगुरू झाल्या. स्त्रियांना पदरात सवलत नको होती, त्यांना उघडे दार हवे होते. हा पवित्रा लक्षात ठेवला, तर पुढले दोन खटले अधिक बोचतात.

त्या खटल्यांकडे जाण्यापूर्वी मद्रासला थांबू. ९ एप्रिल १९५१ चा चंपकम दोराईराजन खटल्याचा निकाल आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असतो : मद्रास सरकारचा जातवार जागावाटपाचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला आणि त्यानंतर काही आठवड्यांतच पहिली घटनादुरुस्ती होऊन १५(४) हा खंड आला. दर १४ जागांपैकी ब्राह्मणेतर हिंदूंना ६, मागास हिंदूंना २, ब्राह्मणांना २, हरिजनांना २, अँग्लो-इंडियन व भारतीय ख्रिश्चनांना १, मुसलमानांना १ अशी ती वाटणी होती. पाठ्यपुस्तके इथे थांबतात. निकालपत्र मात्र आणखी एक बारीक तपशील नोंदवते. मद्रास राज्याच्या चार वैद्यकीय महाविद्यालयांत मिळून तेव्हा ३३० जागा होत्या. राज्यातील विद्यार्थ्यांसाठी असलेल्या जागांपैकी किमान २० टक्के जागा स्त्रियांना दिल्या जात, म्हणजे साठच्या घरात. शिवाय त्याहून अधिक मुली गुणवत्तेवर पुरुषांच्या बरोबरीने पात्र ठरत असतील, तर निवड समितीला त्यांनाही घेण्याची मोकळीक होती.

‘किमान’ हा शब्द अधोरेखित करून ठेवा. २० टक्के ही मुलींच्या पायाखालची फळी होती, डोक्यावरचे छत नव्हते. भारतात उच्च शिक्षणाच्या प्रवेशात स्त्रियांसाठी राखीव प्रमाण ही अलीकडची कल्पना आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावे. त्या खटल्यात भांडण जातवार वाटपाचे होते. स्त्रियांच्या जागांचा नियम वादाचा विषयच नव्हता.

पण चंपकम निकालाने एक निराळीच चावी कायद्याच्या हाती दिली. जातवार वाटप रद्द करताना न्यायालयाने अनुच्छेद २९(२) वर भर दिला. शासकीय किंवा शासकीय मदत घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत धर्म, वंश, जात, भाषा एवढ्याच कारणावरून कोणालाही प्रवेश नाकारता येणार नाही, असे तो अनुच्छेद सांगतो. ही यादी पुन्हा एकदा नजरेखालून घाला. धर्म, वंश, जात, भाषा. १५(१) मध्ये असलेला ‘लिंग’ हा शब्द इथे नाही.

आता हुगळी. बंकिमचंद्र चट्टोपाध्याय जिथे शिकले, ते हुगळीचे मोहसीन महाविद्यालय जुने आणि नामांकित. जवळच मुलींसाठी नवे शासकीय महाविद्यालय सुरू झाले आणि मोहसीन महाविद्यालयात यापुढे मुलींना प्रवेश नको, असे सरकारने ठरवले. प्रवेश नाकारलेली एक विद्यार्थिनी कलकत्ता उच्च न्यायालयात गेली. १९५२ च्या निर्णयसंग्रहात आलेला हा निकाल तिच्या विरुद्ध गेला. न्यायालयाचे म्हणणे साधारण असे : हा भेद केवळ लिंगावरून नाही. मुलामुलींच्या शिक्षणाची अधिक नीट व्यवस्था लावण्याची ही योजना आहे, मुलींचे नवे महाविद्यालय सावरले जावे हा तिचा हेतू आहे, आणि अशी तरतूद करण्यास १५(३) ची मुभा आहे.

क्षणभर थांबून आंबेडकरांचे गावातल्या शाळेचे उदाहरण आठवा. चार वर्षांपूर्वी अनुसूचित जातींबाबत त्यांना जी भीती वाटली होती, ती स्त्रियांबाबत इथे अक्षरशः खरी झाली. सर्वांचे महाविद्यालय होते, त्याच्या शेजारी ‘त्यांच्यासाठी’ वेगळे निघाले, आणि वेगळे निघाले म्हणून सर्वांच्या महाविद्यालयाचे दार बंद झाले.

वेगळी संस्था म्हणजे कोंडवाडाच, असे मला म्हणायचे नाही. १९१६ हे एकच वर्ष घ्या. त्या वर्षी पुण्यात कर्व्यांनी महिला विद्यापीठ स्थापन केले आणि दिल्लीत लेडी हार्डिंज वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. इतरत्र ज्यांचे पाऊल पडणेच अवघड होते, अशा असंख्य मुलींना या संस्थांनी पदवीपर्यंत नेले. फरक एवढाच की, त्या निघाल्या म्हणून दुसरे कोणते दार बंद करण्याचा हुकूम निघाला नव्हता. हुगळीत नेमका तोच निघाला.

दुसरा खटला उडुपीचा. दक्षिण कन्नड जिल्हा तेव्हा मद्रास राज्यात होता आणि तेथील महात्मा गांधी मेमोरियल महाविद्यालय मद्रास विद्यापीठाशी संलग्न होते. विशेष परवानगीवाचून मुलींना प्रवेश देऊ नये, असा विद्यापीठाचा संलग्न महाविद्यालयांना दंडक होता. मुलींसाठी आवश्यक सोयी असल्याशिवाय सहशिक्षण नको, अशी त्यामागची भूमिका. हे प्रकरण मद्रास उच्च न्यायालयात गेले आणि विद्यापीठ जिंकले. निकाल १९५४ च्या संग्रहात आहे. कायद्याचे विद्यार्थी तो वेगळ्या कारणासाठी वाचतात : विद्यापीठ हे संविधानाच्या अर्थाने ‘राज्य’ नाही, असे त्यात म्हटले होते आणि त्यामागचे तर्कशास्त्र सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली अमान्य केले.

आपल्या दृष्टीने महत्त्वाचा आहे तो त्यातला दुसरा भाग. न्यायालयाने १५(३) आणि २९(२) एकत्र ठेवून वाचले. १५(३) मुळे राज्याला केवळ स्त्रियांची महाविद्यालये काढता येतात आणि तिथे पुरुषांना प्रवेशाचा हक्क नाही. २९(२) मध्ये लिंगाचा उल्लेख नाही. तेव्हा इतर महाविद्यालयांत स्त्रियांना घ्यावे की न घ्यावे, हा त्या त्या संस्थाचालकांच्या मर्जीचा प्रश्न आहे. थोडक्यात, मुलींच्या महाविद्यालयात मुलींचा हक्क, आणि बाकी सगळीकडे चालकांची मर्जी! स्त्रियांच्या भल्यासाठी लिहिलेला खंड वापरून निघालेला हा निष्कर्ष आहे. यादीतून एक शब्द गळला की काय होते, याचे याहून ठसठशीत उदाहरण मला तरी सापडलेले नाही.

त्याच सुमारास मुंबई उच्च न्यायालयापुढे एक प्रकरण आले. ते शिक्षणाचे नव्हते, जळगाव नगरपालिकेतील स्त्रियांच्या राखीव जागांचे होते. पण प्रश्न तोच होता. ‘विशेष तरतूद’ म्हणजे पुरुषांवर अन्याय न होता केलेली सोय, एवढाच अर्थ घ्यावा, असा आक्षेपकांचा युक्तिवाद होता. मुख्य न्यायमूर्ती म. क. छागला यांनी १९५३ साली तो फेटाळला. १५(३) हा १५(१) ला जोडलेला अपवाद आहे, असे त्यांनी म्हटले. लिंगावरून पुरुषांना झुकते माप देणे १५(१) ला चालत नाही. १५(३) मुळे स्त्रियांना झुकते माप देता येते. म्हणजे हा खंड एकाच दिशेने उघडणारे दार आहे. हुगळी, उडुपी आणि जळगाव. तीन-चार वर्षांच्या आत एकाच ओळीची ही वाचने झाली, आणि पहिल्या दोहोंपेक्षा तिसरे किती वेगळे आहे ते पाहा. पुढल्या काळात वजन वाढत गेले ते छागलांच्या वाचनाचे.

मधली दशके भराभर ओलांडू. १९९२ च्या इंद्रा साहनी निकालात उभे आणि आडवे आरक्षण हा भेद स्पष्ट झाला. जातींचे आरक्षण उभे, आणि त्या प्रत्येक उभ्या रकान्याला छेदून जाणारे स्त्रियांचे किंवा अपंगांचे आरक्षण आडवे. २००७ साली राजेशकुमार दारिया खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने आडव्या आरक्षणाची मोजणी कशी करायची ते सांगितले. आधी गुणवत्तेने यादी लावा, तिच्यात किती स्त्रिया आपोआप आल्या ते मोजा, ठरलेल्या संख्येला जितक्या कमी पडतील तितक्याच वाढवा. पुरेशा आल्या असतील, तर काहीच करू नका. मद्रासचा ‘किमान’ जवळजवळ सहा दशकांनी न्यायालयाच्या तोंडून पुन्हा ऐकू आला.

आयआयटींनी २०१८ मध्ये याहून निराळी वाट काढली. त्याआधी पदवी अभ्यासक्रमांत मुलींचे प्रमाण आठ-नऊ टक्क्यांच्या आसपास रेंगाळत होते. मंडी आयआयटीचे तेव्हाचे संचालक तिमथी गोन्साल्विस यांच्या समितीने शिफारस केली ती अधिसंख्य जागांची, म्हणजे मूळ जागांना हात न लावता वर वाढवलेल्या जागांची. उद्दिष्ट २०१८ साली १४ टक्के, २०१९ साली १७ आणि २०२० साली २०. अट अशी की, जेईई ॲडव्हान्स्डची पात्रता मुलींनाही तीच.

याचे गणित करून पाहण्यासारखे आहे. समजा, एका शाखेत १०० जागा आहेत आणि त्यांत ८ मुली आहेत. राखीव जागांची नेहमीची रीत वापरली, तर २० टक्के गाठायला १२ मुलांच्या जागा जातील. अधिसंख्य रीतीत ९२ जागा जशाच्या तशा राहतात. मुली २३ झाल्या की एकूण ११५ होतात आणि २३ म्हणजे ११५ चा पाचवा हिस्सा. वाढवायच्या जागा १५. कोणा मुलाला ‘माझी जागा गेली’ असे म्हणण्याची सोयच उरत नाही. किंमत मोजली जाते ती वसतिगृहाच्या खोल्यांत, प्रयोगशाळेच्या बाकांवर आणि प्राध्यापकांच्या वेळात. मला ही युक्ती हुशारीची वाटते आणि थोडी भित्रीही. १९५० च्या मद्रासने जागांची संख्या न वाढवता २० टक्के बाजूला काढण्याचे धाडस केले होते.

२०२०-२१ च्या अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणानुसार देशातील ४.१३ कोटी विद्यार्थ्यांपैकी २.०१ कोटी मुली होत्या. एकूण आकडा जवळजवळ बरोबरीचा. अभियांत्रिकीच्या वर्गात शिरले की तो उतरू लागतो. म्हणून तर कॅपच्या यादीत ‘एल’चे रकाने अजून आहेत.

आणि अनुच्छेद २९(२)? तो आजही तसाच आहे. धर्म, वंश, जात, भाषा.