माणकं शोधताना हाती लागलेला गुलाबी

अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या काउई खोऱ्यात एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी लोक माणकं हुडकत होते. ओढ्याच्या वाळूत माणकं मिळतही होती, पण धंद्याला पुरतील अशी नव्हती. तिथेच, मेसन्स ब्रँच नावाच्या ओढ्याकाठी, जांभळट गुलाबी रंगाचे टवटवीत खडे निघाले. डब्ल्यू. ई. हिडन आणि जे. एच. प्रॅट यांनी ते तपासले आणि १८९८ मध्ये त्यांना ‘रोडोलाइट’ असं नाव दिलं, गुलाबाला असलेल्या ग्रीक शब्दावरून. (हिरव्या हिडेनाइटला ज्याचं नाव आहे, तोच हा हिडन.) आज दुकानात ‘पिंक गार्नेट’ म्हणून पुढे येणारा खडा बहुतेक वेळा हाच असतो.

गार्नेट आपल्याला काही नवं नव्हतं. राहूचा म्हणून घालतात तो गोमेद गार्नेटच्याच कुळातला. राजस्थानात टोंककडच्या खाणींतून लाल गार्नेट फार पूर्वीपासून निघतं. अडचण होती ती त्याच्या काळेपणाची. अल्मंडाइन जातीत लोखंड इतकं असतं की मोठा खडा कोळशासारखा दिसतो. म्हणून कारागीर घुमटाकार खड्याची पाठ आतून कोरून पातळ करत, तेव्हा कुठे उजेड आरपार जाई. रोडोलाइटमध्ये हे काम निसर्गानंच केलेलं असतं. दोन भाग मॅग्नेशियमवालं पायरोप आणि एक भाग अल्मंडाइन, असं साधारण मिश्रण. लोखंड रंगापुरतं, अंधारापुरतं नाही.

कॅरोलायनातला माल थोडाच होता. साठच्या दशकात टांझानियाच्या उंबा खोऱ्यात रोडोलाइटचा शोध सुरू झाला आणि तिथे पुन्हा तोच प्रकार घडला: शोधत होते एक, निघालं दुसरंच. नारिंगी झाक असलेले गुलाबी खडे यायचे, व्यापारी ते बाजूला काढायचे. स्वाहिलीत ‘मलाया’ म्हणजे वेश्या, कुळाबाहेर टाकलेली. तेच नाव त्या खड्यांना चिकटलं. पुढे परदेशी गिऱ्हाइकांना तो रंग आवडला. आता चांगला मलाया रोडोलाइटपेक्षा महाग जातो आणि विकणारे नावाचा अर्थ सांगत बसत नाहीत. या जातींमध्ये निसर्गानं रेघ आखलेली नाही, एक दुसरीत विरघळत जाते. त्यामुळे पावतीवरच्या भारदस्त नावाला मी फारशी किंमत देत नाही. पैसे रंगाचे द्यायचे.

आपल्याकडे ओडिशातही रोडोलाइट निघतं आणि जयपूरच्या कारखान्यांत त्याला पैलू पडतात. तेव्हा जवळचा माल आफ्रिकेचा म्हणून चढ्या भावानं घेऊ नका.

खडा गार्नेटच आहे ना, याची एक घरगुती परीक्षा गमतीची आहे. थर्माकोलचा छोटा तुकडा वाडग्यातल्या पाण्यावर सोडायचा, त्यावर खडा ठेवायचा आणि निओडिमियमचं जोरकस चुंबक न टेकवता अगदी जवळ आणायचं. गार्नेटमधल्या लोखंडामुळे तराफा हळूहळू चुंबकाकडे सरकू लागतो. माणिक किंवा गुलाबी स्पिनेल बहुधा जागचं हलत नाही. गुलाबी तुरमली कधीकधी थोडी सरकते, पण तिला दहापट भिंगाखाली धरून आरपार पाहिलं की मागच्या पैलूंच्या कडा दुहेरी दिसतात. गार्नेटमध्ये त्या एकेरीच राहतात. काचेतही एकेरीच, पण काच चुंबकाला सहसा दाद देत नाही आणि आत गोल बुडबुडे सापडतात. गार्नेटमध्ये सापडल्या तर बारीक सुया सापडतील.

जुना दागिना असेल तर आणखी एक सावधगिरी. एकोणिसाव्या शतकापासून रंगीत काच वितळवून तिच्यावर गार्नेटची पातळ चकती सांधून जोडखडे बनत. ते ओळखायला खडा पांढऱ्या कागदावर पालथा ठेवतात, कडेनं लाल कडं उमटतं. निळ्या-हिरव्या नगाला ही युक्ती लागू पडते; गुलाबीत लाल कडं दिसणार कुठून? तिथे भिंगातून बाजूनं पाहून सांधा शोधावा.

विकत घेताना खडा दुकानाच्या पांढऱ्या दिव्यांखालून बाहेर दिवसाच्या उजेडात न्यायचा, मग पिवळ्या बल्बखाली. दोन्हीकडे जिवंत राहिला तर खरा. कॅरेट म्हणजे ०.२ ग्रॅम; वजन वाढेल तसा रंग गडद होत जातो, म्हणून मोठा आणि तरीही मोकळा गुलाबी नग मिळाला तर तो थोडा जास्त देऊनही घ्यावा. समोरून पाहताना मधोमध खिडकीसारखं आरपार दिसत असेल तर कापणी उथळ आहे, भाव पाडून मागा. ‘न तापवलेला’ म्हणून कोणी जादा मागू लागला तर हसून नकार द्या. माणकाला हे बिरूद शोभतं. रोडोलाइट सहसा तापवतच नाहीत. कठीणता सात ते साडेसात, तेव्हा अंगठी रोज घालणार असाल तर कोंदण उंच नको. प्रयोगशाळेचा दाखला स्वस्त खड्याला परवडत नाही, पण पावतीवर ‘नैसर्गिक गार्नेट’ आणि वजन लिहून घ्यायला पैसे पडत नाहीत.