तळटीप: आफ्रिकेतील 'वस्तुविनिमय'

युरोपीय येईपर्यंत आफ्रिकेत निव्वळ वस्तुविनिमय चालत असे, हे मूळ लेखकाचे विधान त्या काळी सर्रास केले जाई. आज ते टिकत नाही. पश्चिम आफ्रिकेत कवडी हे रोजच्या व्यवहारातले चलन होते आणि ती येत असे थेट मालदीवहून. चौदाव्या शतकात इब्न बतूताने तिची दोन्ही टोके पाहिली. मालदीवमध्ये एका सोन्याच्या दिनाराला चार लाख कवड्या, कधी त्याहूनही कितीतरी जास्त. मालीच्या राज्यात मात्र अवघ्या ११५०. मधला फरक वाळवंट तुडवणाऱ्या व्यापाऱ्यांच्या खिशात जाई. पुढे डच आणि इंग्रज जहाजांनी याच कवड्या नीरमाचे वजन म्हणून तळाशी भरून आधी युरोपात नेल्या आणि तिथून गिनीच्या किनाऱ्यावर, मुख्यतः गुलाम खरेदीसाठी. किनाऱ्यावरचा हिशेब चोख होता: चाळीस कवड्यांची एक माळ, पन्नास माळांचे एक 'शीर', दहा शिरांचे एक पोते. पोत्यात वीस हजार कवड्या, वजन वीस किलोंच्या वर. बाजाराला निघालेल्याला हमाल लागेच. १८४५ नंतर हॅम्बुर्गच्या व्यापाऱ्यांनी झांझिबारची स्वस्त, जाडसर कवडी जहाजे भरभरून ओतली. भाव गडगडले, साठवलेली पुंजी मातीमोल झाली. वसाहतींच्या नाण्यांनी कवडीला हुसकले खरे, पण तिचा कणा या चलनवाढीने आधीच मोडला होता. लेखकाने हा भाग गाळला, हे आश्चर्यच. झांझिबारचा व्यापार त्यांनी पुढच्याच प्रकरणात तपशिलाने दिला आहे. — संपा.