जुना स्नेअर ड्रम घरी साफ करताय? आधी लोहचुंबक शोधा

ड्रमसेटमध्ये वादकाच्या दोन गुडघ्यांच्या मध्ये असतो तो स्नेअर ड्रम. खालच्या पडद्याला टेकलेल्या धातूच्या बारीक तारांमुळे त्याला तो करकरीत आवाज मिळतो. धातूचे स्नेअर टिकतातही भरपूर. ५०-६० वर्षांपूर्वीचे ड्रम आजही वाजतात. बरेचदा त्यांचं नुकसान होतं ते वाजवून नाही, तर घासून.

म्हणून पॉलिशच्या आधी धातू ओळखायचा. ड्रमच्या अंगाला लोहचुंबक घट्ट चिकटला तर आत पोलाद आहे. चिकटला नाही आणि ड्रम हलका असेल तर अॅल्युमिनियम, जड असेल तर बहुधा पितळ. वरची चकाकी तिन्हींवर सारखीच दिसू शकते, कारण ती क्रोमची असते.

मूळच्या शिकागोच्या लुडविग कंपनीचा 'सुप्राफोनिक' हे याचं गाजलेलं उदाहरण. १९६० च्या दशकापासून तो अॅल्युमिनियमवर क्रोम चढवून बनू लागला. लेड झेपेलिनचा ड्रमर जॉन बॉनम याच्याकडे याचाच खोल नमुना होता. पण अॅल्युमिनियमवर क्रोमची पकड कच्ची असते. बारीक छिद्रांतून घाम आणि दमट हवा आत जाते, खालचा धातू गंजून फुगतो आणि क्रोमला फोड येतात, पापुद्रे सुटतात. हे पांढुरके ठिपके म्हणजे मळ नव्हे. ते घासले तर उरलेलं क्रोमही निघतं. आवाजात मात्र त्यांनी फारसा फरक पडत नाही, त्यामुळे ते आहेत तसे ठेवणंच शहाणपणाचं.

पितळेचा ड्रम दिसला की आपल्याकडे हात आपोआप चिंचेकडे किंवा लिंबाकडे जातो. घंगाळाला ते चालतं, ड्रमला नाही. लुडविगच्याच १९२० च्या दशकातल्या 'ब्लॅक ब्युटी' ड्रमवर काळ्या निकेलचा पातळ थर असतो आणि तो कोरून खालच्या पितळेची नक्षी उघडी केलेली असते. जोरात पॉलिश केलं तर काळा थर जातो आणि नक्षीचा उठावही. तो परत आणता येत नाही.

ड्रम उघडण्याआधी सगळ्या बाजूंनी फोटो काढावेत. ड्रम कीने सगळे स्क्रू थोडे थोडे, समोरासमोरच्या जोड्यांनी सैल करावेत. एकच बाजू आधी सोडली तर रिमवर एकीकडे ताण येतो. कंपनीचा बॅज काढू नये, त्यावर पॉलिशही लावू नये. अक्षरं पुसली जातात.

ड्रमच्या अंगासाठी कोमट पाणी, भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब आणि मऊ सुती कापड पुरतं. तारेची घासणी नकोच. नंतर लगेच कोरडं करायचं, स्क्रू बसतात त्या खोबणींतही ओल राहता कामा नये. पोलादी रिमवर तांबूस गंज असेल तर अॅल्युमिनियम फॉइलचा बोळा पाण्यात बुडवून हलक्या हाताने फिरवावा. फॉइल क्रोमपेक्षा मऊ असल्याने गंज निघतो, ओरखडे सहसा पडत नाहीत. स्क्रू रॉकेलमध्ये भिजवून जुन्या टूथब्रशने घासावेत (खिडकी उघडी, गॅस बंद) आणि पुसून आट्यांना शिलाई मशीनच्या तेलाचा एकेक थेंब द्यावा.

पडदे जुने असतील तर नवे घ्यावेत. आवाजात सर्वात मोठा फरक त्यानेच पडतो. खालचा पडदा फार पातळ असतो, त्यावर बोटही दाबू नये. जोडताना स्क्रू आधी हाताने आवळावेत, मग समोरासमोर अर्धा-अर्धा फेरा. खालच्या रिमला तारांची पट्टी जाण्यासाठी दोन मोकळ्या जागा असतात. त्यातली एक थेट लिव्हरसमोर आली आहे ना, हे आवळण्याआधीच बघावं. चुकली तर सगळे स्क्रू पुन्हा सोडावे लागतात.