गोळी आली, भीती राहिली

कुणाला फिट आली की आपल्याकडे अजूनही कांदा नाहीतर चप्पल नाकाशी धरतात. त्याने फिट थांबत नाही. औषधाने मात्र थांबू शकते, हे कळूनही दीडशेवर वर्षे झाली.

१८५७ मध्ये लंडनचे डॉ. चार्ल्स लोकॉक यांनी पोटॅशियम ब्रोमाइडचा गुण सांगितला. पाळीच्या दिवसांत फिट येणाऱ्या बायकांना त्यांनी ते दिले होते. गुण यायचा, पण सुस्ती यायची, अंगावर पुरळ उठायचे. १९१२ मध्ये जर्मनीतल्या आल्फ्रेड हाउप्टमान यांना दिसले, की झोपेच्या फेनोबार्बिटलने फिट कमी होतात. ही स्वस्त गोळी आजही वापरात आहे. १९३८ मध्ये अमेरिकेत मेरिट आणि पुटनम यांनी फेनिटॉइन पुढे आणले. त्याने फारशी गुंगी न येता फिट आटोक्यात येऊ लागल्या.

कायदा मात्र मागे राहिला. हिंदू विवाह कायद्यात वारंवार येणारी मिरगी लग्नाला अडथळा धरली होती. तो शब्द १९९९ मध्ये निघाला.

मनातून अजून निघालेला नाही. लग्न ठरले की मुलीच्या गोळ्या लपवतात, मग त्या चुकतात आणि फिट पुन्हा येते. आम्ही गटातल्या बायका म्हणूनच सांगतो, गोळी आपल्या मनाने बंद करू नका. मूल हवे असेल तर आधीच डॉक्टरांना विचारा. व्हॅल्प्रोएटसारखे औषध पोटातल्या बाळाला बाधू शकते, ते बदलायचे का हे तेच ठरवतील. आणि सोयरीक जुळवताना गोळीचे नाव उघड घ्या.